न विचारणारं सॉफ्टवेअर

हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. नमाजानंतर दुआ मागताना सुद्धा ‘काही चुकलंमाकलं असेल तर’ एवढ्या मोघम शब्दांत मी ते उरकत आलोय — जणू वरच्यालाही तपशील द्यायची गरज नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची माझी ओळख नाही. एवढंच कारण आहे का? माहीत नाही. सुरुवात तर करतो.

मी मुनीर. तिसगावात एसटी स्टँडसमोर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. या बाजूला कुणाचं मशीन बंद पडलं की ते गोणपाटात गुंडाळून, मोटरसायकलवर मागच्याच्या मांडीवर बसून माझ्याकडे येतं. ग्रामपंचायतीचं येतं, शाळेचं येतं, खत-बियाण्याच्या दुकानाचं येतं. लोक म्हणतात, मुनीरभाईचं काम जरा सावकाश असतं, पण भरवशाचं. हे ‘भरवशाचं’ कानावर आलं की मी मान खाली घालून उगाच एखादा स्क्रू पिळायला लागतो. लोकांना वाटतं, माणूस किती विनयशील.

आता थोडं कामाचं सांगावं लागेल, त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही. कॉम्प्युटर आपल्या आपण सुरूच होत नसेल तर त्याला बाहेरून सुरू करावं लागतं. त्यासाठी एक पेन ड्राइव्ह खास तयार करून घेतात, तो लावला की मशीन त्याच्यावरून चालू होतं आणि मग आत विंडोज नव्यानं टाकता येतं. अशा पेन ड्राइव्हला आम्ही बूटेबल म्हणतो. तो तयार करायला एक छोटं सॉफ्टवेअर लागतं. हे सॉफ्टवेअर ज्या ड्राइव्हवर चालवाल, त्याच्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. सगळं म्हणजे सगळं. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

अशी सॉफ्टवेअरं ढिगानं मिळतात. बहुतेक फुकट. नेटवर शोधायला जा, चार-चार हिरवी बटणं तुम्हाला डोळे मारतात, प्रत्येकावर ‘डाउनलोड’ लिहिलेलं, आणि खरं बटण कुठंतरी कोपऱ्यात बारीक करड्या अक्षरात बसलेलं असतं. ज्यानं बनवलं त्याच्याच घरून घ्यावं, शेजाऱ्याकडून घेऊ नये — हे मी आता सगळ्यांना सांगतो. आणखी एक सांगतो. चांगलं सॉफ्टवेअर ओळखायची खूण काय? ते तुम्हाला विचारतं. कुठल्या ड्राइव्हवर लिहू? त्याचं नाव हे, त्याचा आकार एवढा, बरोबर आहे ना? यावरचं सगळं जाईल, चालेल ना? खरंच चालेल ना? आणि मोठ्या हार्ड डिस्क ते यादीत दाखवतच नाही, तुम्ही मुद्दाम मागितल्याशिवाय. सासुरवाडीला आलेल्या जावयाला विचारावं तसं ते चारदा विचारतं, आणि घाईच्या माणसाचं डोकं फिरतं.

माझं फिरायचं. तेव्हा मी तिशीतला होतो, दुकान नवं होतं, आणि हाताचा वेग हीच माझी ऐट होती. दुसऱ्या कुणाला दोन तास लागतात ते मुनीर चाळीस मिनिटांत करतो, असं लोकांनी म्हणावं असं मला वाटायचं — आणि ते म्हणायचेही. नगरच्या एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्यानं मला एक सॉफ्टवेअर दिलं. कुणी बनवलं, कुठून आलं, त्यालाही ठाऊक नव्हतं. ते काही विचारत नसे. यादीत नाव नाही, आकार नाही — नुसतं ‘डिस्क १’, ‘डिस्क २’. आकड्यावर क्लिक करायचं की काम चालू. मला ते फार आवडलं. माझ्या मशीनला एका वेळी एकच पेन ड्राइव्ह लावलेला असायचा, त्यामुळे तो नेहमी ‘डिस्क १’ असायचा. पुढंपुढं मी स्क्रीनकडे बघतही नव्हतो. गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, डोळे रस्त्यावर, बोट माउसवर. ऐट होती ना.

मग त्यात गुन्हा कुठं आला? येतोय. मी टाळतोय असं वाटत असेल तर ते खरं आहे.

उजागरे सर मला सातवीपर्यंत गणित शिकवायला होते. निवृत्त झाल्यावर गावाच्या कडेला, ख्रिस्ती वस्तीत, चर्चच्या मागच्या घरात राहतात. उंच, कोरडे, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. निवृत्तीनंतर माणसं शेती बघतात, नाहीतर राजकारण करतात. सरांनी एक छोटं रेकॉर्डर घेतलं आणि स्कूटरवरून गावोगाव फिरायला लागले. आपल्या भागात ख्रिस्ती घरं बरीच. त्या घरांतल्या म्हाताऱ्या बायकांना गाणी येत होती, जी चर्चच्या गीतपुस्तकात नाहीत. जात्यावरची, पाण्याला जातानाची, नाताळातली. एका गाण्यात मरीया शेवगावच्या वाटेनं बेथलेहेमला जाते आणि वाटेतल्या विहिरीला पाणी नसतं म्हणून योसेफ कुणाच्या तरी रहाटापाशी भांडतो. असली गाणी. सरांनी ती जमवली, कितीतरी वर्षं. गाणारणी ऐंशीच्या पुढच्या. रेकॉर्डिंग करून सर घरी पोचेपर्यंत एखादी गेलेली असायची.

पण सरांचे कान तोवर उतरायला लागले होते. दात पडलेल्या तोंडातले जुने शब्द त्यांना लागेनात. ते लागायचे सुनेला. एस्तेर तिचं नाव. ती जामखेडकडची, तिच्या आजोळी तसलंच बोलणं होतं. सरांचा मुलगा नोकरीनिमित्त बाहेर असायचा. घरातलं आवरलं की ही दुपारी कानाला हेडफोन लावून बसायची आणि गाणी उतरवून काढायची. मराठी टायपिंग ती माझ्याच दुकानात शिकली, सहा आठवड्यांत. मी पुष्कळांना शिकवलंय, असा हात मी पुन्हा पाहिला नाही. बोटं कळांवर न शोधता पडायची. टायपिंगची सरकारी परीक्षा द्यायची, मग शाळेच्या ऑफिसात कुठं जागा निघाली तर अर्ज करायचा, असं तिनं ठरवलेलं होतं. आणि पुस्तक निघेल तेव्हा त्यावर दोघांची नावं राहतील, असं सर चारचौघांत म्हणायचे. सासऱ्यानं सुनेबद्दल चारचौघांत असं बोलणं आमच्याकडे सोपं नाही. ती हे ऐकून आत निघून जायची, पण जाताना तिचा चेहरा मी पाहिलेला आहे.

सगळी गाणी, आणि तिनं उतरवलेली सगळी पानं, एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर होती. वहीएवढी काळी डबी, वायर लावून चालणारी. सरांचं मशीन जुनं, कधी दगा देईल सांगता येत नव्हतं, म्हणून त्याच्यात काही ठेवायचं नाही असा सरांचा नियम. डिस्कसाठी एस्तेरनं जुन्या साडीची पिशवी शिवली होती.

एके दिवशी मशीननं खरंच दगा दिला. सर ते घेऊन आले, सोबत पिशवीतली डिस्क. दुपारचे बारा-साडेबारा असतील. सर म्हणाले, “मुनीर, मशीनमध्ये पत्रंबित्रं काही असतील ती काढून हिच्यावर टाक. हिच्यात आपली गाणी आहेत, जागा पुरते का बघ.” ‘आपली’ म्हणाले. मग पोस्टात काम होतं म्हणून गेले.

जागा बघायला मी डिस्क माझ्या मशीनला लावली. जागा भरपूर होती. एक गाणं लावून सुद्धा पाहिलं मी — कुणी म्हातारी मध्येच गाणं थांबवून कोंबडीला हाकलत होती, आणि मागं सरांचं हसू. मग विंडोज टाकायचं म्हणून मी पेन ड्राइव्ह काढला आणि तोही त्याच मशीनला लावला. सॉफ्टवेअर उघडलं. तेवढ्यात दारात कुणी ओळखीचा आला, त्याच्याशी बोलत बोलत मी ‘डिस्क १’ वर क्लिक केलं.

आता तुम्हाला कळलंच असेल. डिस्क आधी लावली होती. ती एक झाली होती. पेन ड्राइव्ह दोन.

ते मला स्क्रीनवरून कळलं नाही. काळ्या डबीवरचा निळा दिवा भराभरा लुकलुकायला लागला आणि पेन ड्राइव्हचा दिवा मात्र गप्प होता. मी दोन सेकंद नुसता बघत राहिलो. मग वायर ओढली. पुन्हा लावली. गाण्यांच्या जागी विंडोजच्या अर्ध्यामुर्ध्या फायली दिसत होत्या आणि वर ड्राइव्हचं नाव बदललेलं.

इथपर्यंतची ती चूक होती. हाताची चूक. इथपर्यंतच्या गोष्टीसाठी मी तुम्हाला बसवलं नसतं. कारण — आणि हे या धंद्यातला कुणीही सांगेल — अशी पुसलेली डिस्क पूर्ण पुसलेली नसते. वरची पाटी बदलते, पहिल्या थोड्या भागावर नवं लिहिलं जातं, आणि बाकीचं सगळं खाली तसंच पडून असतं. हात न लावता ती डिस्क बाजूला ठेवायची, पुण्याला नाहीतर नगरला जाणत्या माणसाकडे द्यायची. बहुतेक गाणी परत आली असती. कोंबडी हाकलणारी ती म्हातारी परत आली असती. मला हे तेव्हा माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

पण मग सांगावं लागलं असतं. सरांना, आणि त्या पुण्याच्या माणसाला. डिस्क उघडताच त्याला विंडोजच्या फायली दिसल्या असत्या आणि त्यानं विचारलं असतं, हे कुणी केलं? घरात बसून कुणी बाहेरच्या डिस्कवर विंडोज लिहीत नाही. दुकानदारच लिहितो.

मी काय केलं सांगतो. मी डिस्क फॉरमॅट केली. त्यात दोन तऱ्हा असतात. एक झटपट, मिनिटभराची, ती पाटीच तेवढी बदलते. दुसरी पूर्ण. पूर्ण म्हणजे डिस्कच्या शेवटच्या टोकापर्यंत प्रत्येक जागेवर शून्य लिहीत जाते. त्यानंतर पुणं नाही, मुंबई नाही, कुणालाच काही सापडत नाही. मी पूर्णवर खूण केली.

याला किती वेळ लागतो? मोठ्या डिस्कला काही तास. हिरवी पट्टी हळूहळू सरकत राहते. दुपारभर ती सरकत होती. मी तिच्यासमोर बसून होतो. मध्ये चहा आला, प्यायलो. एका बाईचा रेशन कार्डाचा फॉर्म भरून दिला. शेजारचा टेलर येऊन क्रिकेटबद्दल बोलून गेला, मी उत्तरं दिली. खिडकीच्या कोपऱ्यात ‘रद्द करा’ असं बटण होतं. ते पट्टी पाव झाली तेव्हा होतं, अर्धी झाली तेव्हा होतं. मी त्याच्याकडे बऱ्याचदा पाहिलं. अर्धी झाली तेव्हा मनात आलं की अजून निम्मी गाणी आहेत. पाऊण झाली तेव्हा मनात आलं की आता कशाला. रागानं माणूस एखादी गोष्ट करून बसतो ते मला समजतं, भीतीनं करतो तेही समजतं. पण चार तास? चार तास कुणी भिऊ शकतं का? मी भ्यालेला नव्हतो. मी काम करत होतो, आणि नेहमीसारखंच नीट करत होतो.

सर पाच वाजता आले. मी मशीन त्यांना चालू करून दाखवलं. मग डिस्क लावली, ती रिकामी दिसली, आणि मी चेहरा पाडून म्हणालो की सर, ही आली तीच अशी आली.

सर खुर्चीवर बसले. पुन्हा लावून बघ म्हणाले, मी लावून दाखवली. दुसऱ्या बाजूच्या भोकात लावून बघ म्हणाले, तीही लावली. मग त्यांनी विचारलं, अशी कशी होते? मी ठरवलेलं होतंच. म्हणालो, “चालू असताना मधेच कुणी वायर काढली तर होतं सर. घरात कोण वापरतं?”

हे शेवटचं वाक्य मी का जोडलं? तेवढ्यावर थांबलो असतो तरी भागलं असतं. डिस्का आपोआपही मरतात, सरांनी तेही मानलं असतं. पण ‘आपोआप’ म्हटलं की माणूस आणखी दोघांना विचारतो. ‘घरात कोण’ म्हटलं की तो आत वळतो. एवढा हिशेब मी त्या क्षणी केला होता, हे मला आज नाकारता येत नाही.

घरात एकच जण वापरत होतं.

सर तिला रागावले नाहीत, हे मला नंतर कळलं. सरांचा तो स्वभाव नाही. त्यांनी घरी जाऊन नुसतं सांगितलं म्हणे, की मधेच वायर निघाली असणार, आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी मशीनवर कापड टाकलं. ते कापड कुणी काढलं नाही.

पाच-सहा दिवसांनी एस्तेर दुकानात आली. एकटी. बाजारचा दिवस होता, रस्त्यावर गलका, तरी ती आत येऊन उभी राहिली तेव्हा मला फक्त पंख्याचा आवाज ऐकू येत होता. तिच्या हातात तीच साडीची पिशवी, आत डिस्क. ती म्हणाली, “भाऊ, खरं सांगा. माझ्याच हातनं झालं का वो हे? लाइट गेली का मी वायर तशीच काढून ठिवायची. तुमी शिकवलं हुतं तसं न्हाई करायची दर येळी.”

मी तिला शिकवलं होतं, हे खरं. आधी बंद कर, मग वायर काढ. आणि लाइट गेल्यावर घाईत ती तशीच काढायची, हेही खरं. त्यानं काही झालेलं नव्हतं. त्या दुपारी मी स्वतः ते गाणं ऐकलं होतं ना — सगळी गाणी शाबूत होती. ती माझ्याकडे बघत होती. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. सरांसमोर घसरलो ते एकवेळ घाईत म्हणू, पण इथं मला पाच-सहा दिवस मिळाले होते आणि ती स्वतः चालत आली होती. तिनं ‘खरं सांगा’ असे शब्द वापरले होते.

मी म्हणालो, “हुतं ताई असं कधी कधी. मुद्दाम थोडंच कोन करतं.”

हे मी किती मायेनं म्हणालो, तुम्ही ऐकायला हवं होतं. तिची समजूत काढली मी. तिनं मान हलवली, पदरानं डोळे पुसले, आणि म्हणाली की दादांची — सासऱ्याला ती दादा म्हणते — सगळी मेहनत तिनं घालवली. मग जाताना तिनं माझे आभार मानले.

परीक्षेचा फॉर्म तिनं भरला नाही. शाळेच्या ऑफिसात पुढं जागा निघाली, ती दुसऱ्या कुणाला मिळाली. सरांनी पुन्हा गावोगाव जायचं मनावर घेतलं होतं, पण गाणारणी राहिल्या नव्हत्या, आणि ज्या होत्या त्यांचं उतरवून घ्यायला एस्तेर बसेना. सर दोनदा म्हणाले, तिनं दोनदा काम काढलं. बारा गाणी आधी छापून ठेवलेली होती, तेवढी आहेत. आता माझ्याकडे ती ऑनलाइन फॉर्म भरायला येते — मुलीच्या शिष्यवृत्तीचा, कुठं दाखल्याचा. कागद काउंटरवर ठेवते आणि हात मागं घेते. एकदा मी सहज कीबोर्ड तिच्याकडे सरकवला, नाव तुम्हीच टाका म्हटलं. ती म्हणाली, “नको भाऊ, तुमीच करा. माझ्या हाताला न्हाई चालत ते.” एका बोटानं टाइप करणाऱ्या माणसानं असं म्हणावं, तिनं म्हणावं?

मी बदललो. त्या वेळेपासून मी ते न विचारणारं सॉफ्टवेअर वापरलं नाही. विचारणारं घेतलं, त्याच्या बनवणाऱ्याच्याच पानावरून, आणि त्याची सगळी विचारपूस मी वाचतो. पेन ड्राइव्ह बनवायच्या आधी बाकीच्या सगळ्या डिस्का, सगळ्या वायरी काढून ठेवतो. पोरं चेष्टा करतात, मुनीरभाई पेन ड्राइव्हला हात लावायच्या आधी, नमाजाआधी हातपाय धुतात तसा, वजू करतात म्हणून. यातूनच माझं नाव झालं. कुठल्या शाळेत, कुठल्या पतसंस्थेत कॉम्प्युटर कसा सांभाळावा हे सांगायला मला बोलावतात. काष्टीला गेलो, जामखेडला गेलो. आणि प्रत्येक ठिकाणी — हे सांगायला मला सगळ्यात जड जातंय — प्रत्येक ठिकाणी मी एक उदाहरण देतो. एका घरात सुनेनं चालू डिस्कची वायर काढली आणि सासऱ्याचं आयुष्यभराचं काम गेलं. नाव घेत नाही. लोक हळहळतात. उदाहरण लागू पडतं, म्हणून मी ते ठेवलं. इतक्या वेळा सांगितलं की सांगताना मला त्या घराचं दारही दिसेनासं झालं होतं.

गेल्या नाताळाच्या आधी सरांनीच मला बोलावलं. चर्चच्या हॉलमध्ये बायकांच्या बचत गटासाठी कार्यक्रम होता, नव्या लॅपटॉपची ओळख. आपला विद्यार्थी आहे, भरवशाचा आहे, असं सांगून सरांनी माझी ओळख करून दिली. तीस-चाळीस बायका सतरंजीवर बसलेल्या. मी नेहमीचं सुरू केलं. सॉफ्टवेअर कुठून घ्यावं, कुठून घेऊ नये, ते काय विचारतं, त्याला घाईत ‘हो’ का म्हणू नये. माइक हातात, शब्द तोंडपाठ. आणि नेहमीच्या जागी आल्यावर नेहमीचं उदाहरण तोंडातून निघून गेलं. एका घरात, सुनेनं, वायर.

मध्यावर आल्यावर मला तिसऱ्या रांगेत एस्तेर दिसली. मी थांबलो नाही. वाक्य पूर्ण केलं.

ती उठून उभी राहिली. माझ्याकडे नाही, बायकांकडे तोंड करून. म्हणाली, “ते घर आमचंच हाय. वायर मी काढली हुती. भाऊंनी नीट शिकवलं हुतं, मीच घाई केली. म्हनून सांगते, हात लावायच्या आदी इचारत जा.”

सर पुढच्या खुर्चीवरून म्हणाले, “जाऊ दे गं एस्तेर, किती वर्षं झाली. बस.” त्यांचा आवाज मऊ होता. माइक माझ्या हातात होता, चालू होता. तोंडाशी नेला असता तर एका वाक्याचं काम होतं. मी तो तोंडाशी नेला आणि म्हणालो की आपली चूक अशी चारचौघांत कबूल करायला मोठं मन लागतं, ताईंसाठी टाळ्या झाल्या पाहिजेत. माइक काखेत धरून पहिली टाळी मीच वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या. ती मान खाली घालून बसली, आणि मी पुढच्या मुद्द्यावर गेलो.

वायर कुणी काढली नव्हती. डिस्क मी पुसली, शेवटच्या टोकापर्यंत, चार तास बसून. सर आहेत, एस्तेर आहे, त्यांचं घर माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर आहे. आणि मी हे तुम्हाला सांगतो आहे.